जुना डार्करूम पेपर: फेकायच्या आधी एक शीट कापून बघा

कुणीतरी डार्करूम बंद करतं, कपाट आवरताना फोटो प्रिंट करायच्या पेपरचे पाचसहा डबे निघतात, "तुला लागतील बघ" म्हणून ते आपल्याकडे येतात आणि आपण खूष होऊन त्याच रात्री पहिला प्रिंट काढायला बसतो. डेव्हलपरमध्ये, म्हणजे चित्र उमटवणाऱ्या रसायनात, चित्र उमटतं, बरंही दिसतं, आणि मग चाळीसेक सेकंदांनी कडेची पांढरी बॉर्डर हळूच राखट व्हायला लागते. आधी वाटतं आपल्याच डोळ्यांचा भास आहे, लाल दिव्यात कळत नाहीये, पण दोन मिनिटांनी फिक्सरमधून (चित्र पक्कं करणाऱ्या द्रावणातून) काढून पांढऱ्या उजेडात बघावं तर अख्खा प्रिंट मळलेल्या धोतरासारखा. इथे लोक दोनपैकी एक गोष्ट करतात, एकतर "पेपर गेला" म्हणून डबाच फेकतात, नाहीतर कुठेतरी वाचलेलं असतं म्हणून डेव्हलपरमध्ये बेंझोट्रायझोल हे राखटपणा दाबणारं रसायन ओततात. दोन्हीत घाई आहे. फॉग, म्हणजे कोरं राहायला हवं तिथेही चढणारा हा राखटपणा, एका प्रकारचा नसतो, आणि कुठला आहे हे कळल्याशिवाय केलेला उपाय म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

हे मी शहाणपणाने सांगत नाहीये, स्वतः तीन संध्याकाळी घालवल्यात म्हणून सांगतोय. एका डब्यातला ग्लॉसी ब्रोमाइड पेपर प्रत्येक वेळी राखाडी येत होता, मी बेंझोट्रायझोल वाढवत गेलो, पेपर स्लो होत गेला, म्हणजे त्याला जास्त उजेड लागायला लागला, एक्स्पोजर मिनिटभरावर पोचलं, तरी बॉर्डर काही पांढरी होईना. शेवटी वैतागून सगळे दिवे बंद करून एक पट्टी डेव्हलप केली तर ती चक्क पांढरी! दोष माझ्या लाल बल्बचा होता, होल्डरजवळ त्याचा रंग नखाएवढा उडाला होता आणि तिथून पांढऱ्या उजेडाची बारीक तिरीप थेट ट्रेवर पडत होती. पेपर बिचारा निर्दोष होता.

तर पहिलं काम पट्ट्यांचं. पूर्ण अंधारात, म्हणजे सेफलाइट, डार्करूमचा तो लाल दिवा, तोसुद्धा बंद, डबा उघडा आणि गठ्ठ्याच्या मधली एक शीट काढा. सगळ्यात वरची किंवा सगळ्यात खालची नको, त्यांनी सगळ्यात जास्त सोसलेलं असतं आणि त्यांच्यावरून बाकीच्यांची परीक्षा करणं अन्याय आहे. शीटच्या चार लांब पट्ट्या कापा, प्रत्येक पट्टी कडेपासून मध्यापर्यंत जाईल अशी. अंधारात ओळखायला कात्रीने खुणा करा, पहिलीला एक कोपरा कापलेला, दुसरीला दोन, तिसरीला तीन, चौथीला काहीच नाही. पेन्सिलने मागे लिहायच्या भानगडीत पडू नका, अंधारात एकावर एक लिहिलं जातं आणि मग कुठली कुठली ते देवालाच ठाऊक.

पहिली पट्टी डेव्हलपरला न दाखवता थेट फिक्सरमध्ये. हा तुमचा खरा पांढरा, या पेपरला यापेक्षा पांढरं होता येत नाही. दुसरी पूर्ण अंधारात डेव्हलपरमध्ये, फायबर (साध्या कागदावरचा पेपर) असेल तर तीन मिनिटं, आरसी (प्लास्टिकचा थर असलेला) असेल तर दीड, मग स्टॉप बाथ (डेव्हलपिंग थांबवणारं आंबट द्रावण), मग फिक्सर. हे झाल्यावर सेफलाइट लावा आणि तिसरी पट्टी तुम्ही नेहमी पेपर ठेवता तिथेच, तोंड वर करून, पाच मिनिटं ठेवा, अर्ध्या भागावर एक नाणं ठेवून, आणि मग दुसरीएवढाच वेळ डेव्हलप करा. चौथी सगळ्यात शेवटी, बाकीचे पेपर डब्यात बंद झाल्याची खात्री करून, खोलीचा पांढरा दिवा लावून दोन सेकंद त्याखाली धरा आणि डेव्हलप करा, ही तुमची सगळ्यात काळी पट्टी. ही चौथी बरेच जण करत नाहीत आणि माझ्या मते तीच पेपरचं भवितव्य सांगते. पांढरा थोडा राखाडी झाला तर त्यावर उपाय आहेत, पण काळाच जर काळा येत नसेल, हिरवट राखाडीवर अडकत असेल, तर तो पेपर नेहमीच्या प्रिंटसाठी संपला.

चारही पट्ट्या धुवा, वाळवा आणि दिवसाच्या उजेडात खिडकीशी बघा, एकीवर दुसरी ठेवून, कडेला कड लावून. ओल्या पट्टीवरून निकाल लावू नका, वाळल्यावर टोन थोडे गडद होतात आणि लाल दिव्यात तर सगळंच गोरं दिसतं.

पहिली आणि दुसरी सारखीच पांढरी आणि तिसरीवर नाण्याचा गोल उठून दिसतोय, तर पेपर ठीक आहे, सेफलाइट बघा. इथे एक गोम आहे, ती समजून घेतली पाहिजे. ताज्या पेपरला एक उंबरठा असतो, त्याच्या आत थोडाफार उजेड पडला तरी डेव्हलप झाल्यावर काही दिसत नाही. जुन्या पेपरवर वयाचा फॉग आधीच चढलेला असतो, म्हणजे तो उंबरठ्यावरच उभा असतो, आता सेफलाइटचा जरासा उजेडही थेट राखाडीत दिसतो. त्यामुळे जो सेफलाइट नव्या पेपरला वर्षानुवर्षं चालला तोच जुन्याला चालेल असं नाही, बल्ब लांब न्या, भिंतीकडे वळवा, आणि पेपर ट्रेमध्ये पालथा घाला, पहिलं अर्धं मिनिट तरी.

दुसरी पट्टी सगळीकडे सारखी राखाडी असेल तर तो वयाचा आणि उष्णतेचा फॉग. चांदीच्या हॅलाइडचे कण उजेड पडल्यावरच डेव्हलप व्हायला हवेत, पण वर्षानुवर्षं उबेत पडून राहिले की काही कण उजेड न बघताच तयार होऊन बसतात आणि डेव्हलपरला दोन्हींत फरक कळत नाही. फक्त कडांना राखाडी चौकट आणि मधे पांढरं असेल तर हवा, ओल किंवा कसलीतरी वाफ कडेकडेने आत शिरलीये. ही त्यातल्या त्यात सुदैवाची केस, कारण कड कापून टाकली की आतला पेपर वापरता येतो, आठ बाय दहाचा पाच बाय सात झाला एवढंच. एका बाजूने तिरका काळा पट्टा, धारदार कडेचा, असेल तर तो उजेड घुसल्याचा पुरावा, कुणीतरी डबा उघडून "आत काय आहे" बघितलंय किंवा काळ्या कागदाच्या पाकिटाला भोक आहे. ढगांसारखे ठिगळ असतील तर ओल. बारीक ठिपके असतील तर पट्टी डोळ्यासमोर तिरकी धरून चमक बघा, ठिपक्याच्या जागी चमक गेली असेल तर बुरशीने जिलेटिन खाल्लंय, त्यावर कुठल्याच बाटलीत औषध नाही. आणि पहिलीच पट्टी, जी डेव्हलपरला लागलीसुद्धा नाही, ती पिवळी किंवा तपकिरी असेल तर डाग कागदाला किंवा जिलेटिनला आहे, फॉगच्या उपायांनी तो जाणार नाही.

आता एक प्रकार असा आहे ज्याच्यावर वेळ घालवू नये असं माझं स्पष्ट मत आहे. काही जुन्या आरसी पेपरच्या इमल्शनमध्येच, म्हणजे उजेड टिपणाऱ्या थरातच, डेव्हलपर घातलेला असायचा, मशीनमधून झटपट निघावेत म्हणून. हे पेपर फार लवकर म्हातारे होतात, राखाडी नाही तर तपकिरी होतात आणि त्यांचा काळाही जातो. ओळखायचं सोपं, एक तुकडा पांढऱ्या उजेडात ठेवून त्यावर वॉशिंग सोड्याच्या पाण्याचा एक थेंब टाका. थेंबाखालची जागा झपाट्याने काळी पडली तर डेव्हलपर आतच आहे. असा डबा जुना निघाला तर सरळ खाली सांगितलेल्या उन्हाच्या उद्योगांना ठेवा.

दुसरा सापळा कोडॅकच्या पॅनाल्यूरचा. तो रंगीत निगेटिव्हवरून काळेपांढरे प्रिंट काढायला बनवलेला पॅनक्रोमॅटिक, म्हणजे सगळे रंग टिपणारा पेपर, त्याला लालही दिसतो. नेहमीच्या सेफलाइटमध्ये उघडला की संपला, आणि आपण म्हणतो पेपर जुना होता. म्हणून डब्यावरचं नाव नीट वाचल्याशिवाय झाकण उघडायचं नाही. रंगीत पेपरचीही तीच गत, तो अंधारातच हाताळायचा, आणि जुना झाला की त्याचे तीन थर आपापल्या वेगाने बिघडतात, त्यामुळे पांढऱ्यावर रंगाची झाक येते जी फिल्टर फिरवून पूर्ण जात नाही. मी त्याच्या नादी लागत नाही.

कुठला जुना पेपर टिकतो याचा ढोबळ हिशोब असा की जितका स्लो तितका चिवट. काँटॅक्ट प्रिंटसाठीचे (निगेटिव्ह थेट पेपरवर ठेवून काढायच्या प्रिंटसाठीचे) क्लोराइड पेपर, उदाहरणार्थ कोडॅकचा एझो, दशकं गेली तरी बऱ्याचदा स्वच्छ निघतात. व्हेलॉक्स तर इतका स्लो होता की मंद गॅसच्या दिव्यात हाताळायचे, म्हणून अशा पेपरना गॅसलाइट पेपरच म्हणायचे. (व्हेलॉक्सवाले लिओ बेकलंड म्हणजेच पुढे बेकेलाइट शोधणारे, १८९९ मध्ये त्यांनी व्हेलॉक्स कोडॅकला विकला.) कोडॅकने २००५ मध्ये काळापांढरा पेपर बनवणं बंद करायचं जाहीर केलं, म्हणजे आज हातात येणारा कोडॅकचा कुठलाही डबा वीसएक वर्षांचा तरी आहेच हे धरून चाला. ग्रेडवाल्या पेपरमध्ये, जिथे नंबर जितका मोठा तितका कॉन्ट्रास्ट जास्त, तीन-चार नंबरचे हार्ड पेपर घ्यावेत, कारण वयाबरोबर कॉन्ट्रास्ट घसरतो आणि कधीकाळचा चार नंबर आज तीन किंवा अडीचसारखा वागतो, जो तरीही कामाचा असतो, पण जुना दोन नंबर इतका मऊ होतो की त्याला हाताशी धरून नेण्यासारखं निगेटिव्हच सापडत नाही. मल्टिग्रेडमध्ये, म्हणजे ज्याचा कॉन्ट्रास्ट फिल्टरने बदलतो त्या पेपरमध्ये, वरच्या ग्रेड आधी जातात, पाचचा फिल्टर लावला तरी तीनचा परिणाम मिळतो.

उपाय आता. समजा तुमची केस सरळ वयाच्या फॉगची आहे, काळा चांगला आहे आणि पांढरा हलका राखट. आधी फुकटचे उपाय करा. डेव्हलपर ताजा आणि जास्त घट्ट घ्या, म्हणजे डेक्टॉल हा डेव्हलपर एकास दोन (एक भाग डेव्हलपर, दोन भाग पाणी) वापरत असाल तर एकास एक, आणि वेळ थोडा कमी करा, कारण चित्र आधी येतं आणि फॉग मागाहून चढत जातो. फार कमी मात्र नको, फायबरला दीड मिनिटाच्या आत काढलं तर ढगाळ, असमान काळा येतो. फिल्टर एक-दीड ग्रेड वरचा लावा. बऱ्याच डब्यांचं काम एवढ्यानेच होतं.

नाही झालं तर बेंझोट्रायझोल. एक ग्रॅम पावडर शंभर मिली गरम पाण्यात, म्हणजे १ टक्क्याचं द्रावण, विरघळायला वेळ लागतो, ढवळत बसावं लागतं. हातमोजे घाला, पावडर नाकात जाऊ देऊ नका. हे स्टॉकच्या, म्हणजे मूळ घट्ट डेव्हलपरच्या, बाटलीत कधीच टाकायचं नाही, फक्त ट्रेमधल्या तयार डेव्हलपरमध्ये, लिटरला १० मिलीपासून सुरुवात. उजेड न दाखवलेली एक पट्टी टाका, बघा, आणखी १० मिली, पुन्हा पट्टी. राखाडी कमी होत होत एका जागी थांबतं, तिथे तुम्हीही थांबा. माझं बहुतेक वेळा २० ते ३० मिलीत भागतं. पुढे ओतत गेलात तर पांढऱ्यात फरक पडत नाही पण पेपरचा स्पीड धडाधड उतरतो, माझ्या त्या तीन संध्याकाळींसारखा. एक लक्षात ठेवा, हे टाकल्यावर आधीची एक्स्पोजर टेस्ट रद्द, ती नव्याने करायची. टोनही थोडा निळसर थंड होतो, काहींना आवडतो, पोर्ट्रेटला मला नाही आवडत. तिथे मी पोटॅशियम ब्रोमाइड वापरतो, १० टक्क्यांचं द्रावण लिटरला १० ते २० मिली, त्याने टोन उबदारपणाकडे झुकतो, फॉगवर मात्र त्याची ताकद कमी.

तिसरा उपाय प्रिंट झाल्यावरचा आणि खरं सांगायचं तर माझा आवडता, कारण त्यात डोळ्यांनी बघत काम करता येतं. प्रिंट मुद्दाम १० ते २० टक्के जास्त गडद काढायचा, फिक्स करून धुवायचा, आणि मग पोटॅशियम फेरीसायनाइडच्या अगदी पातळ द्रावणात, लिटरला एखादा ग्रॅम, जेमतेम लिंबासारखं फिकट पिवळं दिसेल इतकं, ओला प्रिंट दहा-पंधरा सेकंद हलवायचा. लगेच पाण्याखाली, मग साध्या हायपोत (फिक्सरचं मूळ रसायन), मग बघायचं. हायलाइट आधी उजळतात, काळ्यावर परिणाम उशिरा दिसतो, त्यामुळे वरचा राखट पडदा निघून जातो आणि खालचं चित्र तसंच राहतं. फेरीसायनाइड आणि हायपोची ही जोडी अर्नेस्ट हॉवर्ड फार्मर यांनी १८८३ मध्ये मांडली आणि आजही तिला फार्मर्स रिड्यूसर म्हणतात. हायपोत गेल्यावर प्रिंट आणखी थोडा उजळतो, म्हणून हवं त्याच्या जरा अलीकडेच थांबायचं, कमी पडलं तर परत करता येतं, जास्त झालं तर ते गेलं. एक इशारा, फेरीसायनाइड जोरदार ॲसिडमध्ये मिसळायचं नाही, विषारी वायू निघू शकतो, आणि स्टॉप बाथच्या ट्रेशी त्याची गाठ पडू द्यायची नाही.

जुन्या फायबर पेपरचं जिलेटिनही कधीकधी नाजूक झालेलं असतं, कड सुटते, फोड येतात. त्याला गरम पाणी नको, सगळे ट्रे वीस अंशांच्या आसपास आणि एकमेकांशी सारखे, स्टॉप बाथ नेहमीपेक्षा पातळ, आणि हार्डनर (जिलेटिन कडक करणारं रसायन) असलेला फिक्सर. चिमट्याने उचलताना फक्त बॉर्डर धरा.

आणि निगेटिव्ह पेपरला शोभेल असं निवडा, हे कुणी सांगत नाही. स्वच्छ आभाळ, बर्फ, पांढरा शर्ट हे जुन्या पेपरवर केविलवाणं दिसतं. रात्रीचे रस्ते, पावसाळी अंगण, अंधाऱ्या खोलीत खिडकीपाशी बसलेलं माणूस, जिथे कोरा पांढरा लागतच नाही, तिथे तोच पेपर इतका छान बोलतो की कुणाला शंका येत नाही.

लिथ प्रिंटिंग, म्हणजे खूप पातळ खास डेव्हलपरमध्ये काळा एकदम भडकू द्यायची पद्धत, करत असाल तर जुना पेपर नव्यापेक्षा भारी पडू शकतो. दोन-तीन स्टॉप (दर स्टॉपला दुप्पट) जास्त एक्स्पोजर, खूप पातळ केलेला लिथ डेव्हलपर, आणि काळा भडकायला लागला की क्षणात बाहेर. फॉगवाल्या पेपरवर काळ्या मिरीसारखे ठिपके येतात, डेव्हलपरमध्ये थोडं सोडियम सल्फाइट वाढवलं की कमी होतात, पण फार वाढवलं तर लिथचा परिणामच मरतो.

काळाच येत नाही अशा पेपरलाही काम आहे. त्यावर पानं, फुलं, लेस ठेवून वर काच दाबून उन्हात ठेवा, अर्ध्या तासापासून दिवसभर, डेव्हलपर नाही, काही नाही, पेपर स्वतःच गुलाबी, जांभळा, विटकरी होत जातो, प्रत्येक डब्याचा रंग वेगळा. फिक्स केलं की रंग फिके होतात, म्हणून आधी स्कॅन करून घ्या. एखाद्या डब्याला सुईने भोक पाडून त्यात असा पेपर लावून महिनोन्महिने आकाशाकडे बांधून ठेवला तर सूर्याच्या वाटा रेघारेघांनी उमटतात, तिथे फॉगने काही बिघडत नाही. आणि ॲलिसन रॉसिटर या अमेरिकन फोटोग्राफर तर मुदत संपलेला पेपर एक्स्पोज न करताच डेव्हलप करतात, त्यात ओलीचे, उजेडाचे, बोटांचे जे डाग निघतात तेच त्यांचं चित्र. आपण ज्याला खराबी म्हणून कापून टाकतो ते रॉसिटर भिंतीवर लावतात, मला आधी पटलं नव्हतं, आता पटतं.

जो पेपर चांगला निघाला तो आता तरी नीट ठेवा. काळी प्लास्टिक पिशवी दोनदा दुमडून, वर झिपची पिशवी, मग डबा, आणि डबा आडवा. सेपियासाठीचा सल्फाइड टोनर असलेल्या खोलीत पेपर ठेवायचा नाही, त्याची वाफ बंद डब्यातही पोचते, ताजा ऑइल पेंट आणि नवीन प्लायवूडचं कपाटही तसंच. फ्रिजमध्ये ठेवणार असाल तर पिशवी हवाबंद हवी, आणि बाहेर काढल्यावर किमान सहा-आठ तास, जाड गठ्ठा असेल तर रात्रभर, न उघडता खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर थंड शीटवर दव धरतं आणि शीट एकमेकींना चिकटतात. एक डबा मी असाच घाईत उघडला होता, पहिल्या बारा शीट सोलताना साबुदाण्याच्या पापडासारख्या आवाज करत सुटल्या आणि प्रत्येकीवर शेजारणीच्या पाठीचा ठसा.

त्या चार पट्ट्या टाकू नका. झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवा, बाजूला तारीख आणि जे कळलं ते लिहा, माझ्या एका डब्यावर असं लिहिलंय: "कडा दोन्हीकडून दोन सेंटिमीटर कापणे, बेंझो २०, चार नंबर म्हणजे अडीच, सेफलाइट लांब, सगळ्यात खालच्या सहा शीट उन्हासाठी."